अमॉर्फस कोअर ४८० अंशांवर जाळून साफ करावा का?

प्रश्न देवगडच्या एका रिवाइंडिंग वर्कशॉपमधून आला आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडून शंभर केव्हीएची एक डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) जळाली. टाकी उघडल्यावर कळलं की आतला कोअर, म्हणजे वाइंडिंगच्या आतला लोखंडी गाभा, नेहमीच्या सीआरजीओ (स्फटिकांच्या दिशा लावलेल्या सिलिकॉन पोलादाच्या) पत्र्याचा नाही, अमॉर्फस (अणूंच्या रांगा नसलेल्या धातूच्या) फितीचा आहे. जळकं वाइंडिंग आणि वॉर्निश कोअरला चिकटून बसलंय, एका बाजूची फीत निळसर-काळी पडलीये. मोटरचा स्टेटर भट्टीत टाकून जाळून साफ करतात, तसंच इथे करायचा विचार आहे. फितीच्या माहितीपत्रकात स्फटिकीकरणाचं तापमान ५०८ अंश सेल्सिअस दिलंय. मग भट्टी ४८० वर चार तास ठेवली तर कोअर सुरक्षित राहील ना?

नाही राहणार. कृपा करून तो कोअर भट्टीत टाकू नका. चार तासांनी बाहेर येईल तो दिसायला तसाच असेल, पण अमॉर्फस राहिलेला नसेल. तीस वर्षं मी अशाच कोअरच्या ॲनीलिंग (भाजून ताण काढायच्या) भट्ट्यांसमोर काढली, आता राजापूरला घरी असतो. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत अनेकदा विचारला गेलाय आणि प्रत्येक वेळी घोटाळा एकाच ठिकाणी असतो. लोक ५०८ हा आकडा पाण्याच्या १०० अंशांसारखा वाचतात. त्याच्या खाली काही होत नाही आणि त्याच्यावर सगळं होतं, असं समजतात. हा आकडा तसा नाही. तो वेळेशी बांधलेला आहे, आणि माहितीपत्रकात ती वेळ लिहिलेली नसते.

आधी ही फीत म्हणजे काय ते बघू. लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉन यांचा वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या थंड तांब्याच्या चाकावर ओततात. सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास वेगाने तो थंड होतो आणि २५ मायक्रॉन जाडीची फीत होऊन बाहेर पडते. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. द्रवात जसे विस्कळीत होते तसेच ते गोठतात. १९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पॉल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनच्या मिश्रणावर हे पहिल्यांदा करून दाखवलं. १९६७ पर्यंत लोखंड-फॉस्फरस-कार्बनचा चुंबकीय अमॉर्फस धातूही त्यांच्याच प्रयोगशाळेत झाला होता. आपल्या कोअरच्या फितीत बोरॉन वजनाने जेमतेम अडीच-तीन टक्के असतो. पण अणू मोजले तर दर शंभरात अकरा ते तेरा भरतात, कारण बोरॉनचा अणू फार हलका. हे लहान अणू मोठ्या लोखंडी अणूंच्या मधे घुसून बसतात आणि रांग लागू देत नाहीत. रांगा नाहीत म्हणून स्फटिकाच्या दिशा नाहीत आणि दोन स्फटिकांमधल्या सीमाही नाहीत. चुंबकीय क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं तेव्हा त्याला अडवणारं काही नसतं. म्हणून नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही कोअरमध्ये वाया जाणारी वीज, सीआरजीओच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. त्यात फीत पातळ आणि तिचा विद्युतरोध सीआरजीओच्या अडीच-तीनपट, त्यामुळे भोवरा प्रवाहही (धातूत आपोआप फिरून वीज वाया घालवणारा) कमी.

पण ही अवस्था उसनी आहे. लोखंडाला रांगेतच बसायचं असतं, आपण त्याला घाईत अडवून ठेवलंय. घरात नारळाच्या वड्यांचा पाक केला असेल तर हे डोळ्यांपुढे येईल. कडक पाक एकदम थंड ताटात ओतला तर तो काचेसारखा पारदर्शक गोठतो. तोच पाक कोमट ठेवला की थोड्या वेळाने साखर धरते. फितीत उष्णता तेच काम करते. अणूंना हलायची मुभा मिळते आणि जिथे चार अणू नीट बसले तिथून स्फटिक वाढू लागतो.

अणूंची ही हालचाल तापमानाबरोबर भयंकर वेगाने वाढते. लोखंड-बोरॉन-सिलिकॉनच्या फितींसाठी स्फटिकीकरणाची सक्रियण ऊर्जा (अणूंना जागचं हलायला लागणारी ऊर्जा) ढोबळमानाने ३०० ते ५०० किलोज्यूल प्रति मोलच्या पट्ट्यात येते. मधला ४०० चा आकडा धरून मी हिशेब करतो. तुमच्या फितीला तो तंतोतंत लागू होईल असं नाही, पण अंदाज कळेल. समजा ५०८ अंशांवर एखादा बदल एका मिनिटात होतो. तोच बदल ४८० वर व्हायला सुमारे दहा मिनिटं लागतील. ४५० वर सव्वादोन-अडीच तास. ४०० वर तेरा-चौदा दिवस. ३६५ वर जवळजवळ दोन वर्षं. आता तुमचे चार तास यात बसवून बघा. ४८० वर चार तास म्हणजे ५०८ वर चोवीस मिनिटं. एवढ्या वेळात फीत पूर्ण स्फटिक होऊन वर वेळ उरतो.

मग ५०८ आला कुठून? प्रयोगशाळेत फितीचा छोटा तुकडा एका यंत्रात ठराविक वेगाने, बहुधा मिनिटाला दहा-वीस अंश, तापवतात. स्फटिक होताना फीत स्वतःच उष्णता बाहेर टाकते आणि आलेखावर उंचवटा येतो. तो जिथे सुरू होतो ते तापमान लिहितात. याला डीएससी म्हणतात. तापवण्याचा वेग वाढवला तर उंचवटा वर सरकतो, कमी केला तर खाली येतो. या सरकण्यावरूनच सक्रियण ऊर्जा काढायची रीत किसिंजर यांनी १९५७ मध्ये दिली आणि ती आजही रोज वापरतात. थोडक्यात, ५०८ हा आकडा त्या वेगापुरता खरा आहे. भट्टीत तासन् तास बसलेल्या कोअरबद्दल तो काही सांगत नाही.

हाच हिशेब उलटा वाचला की दिलासा मिळतो. कोकणातल्या उन्हात डीपीचं तेल ऐंशी-नव्वद अंशांवर गेलं तरी वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. शंभर अंशांवर स्फटिकीकरणाला लागणारा काळ पृथ्वीच्या वयालाही पुरून उरतो. मला अनेकांनी विचारलंय की आपल्या हवेत अमॉर्फस कोअर 'उतरतो' का. उष्णतेने उतरत नाही. खारी हवा मात्र वेगळं काम करते. या फितीत क्रोमियम नसतं, त्यामुळे टाकीबाहेर पावसाळाभर उघडा पडलेला कोअर बघता बघता गंजतो. तो गंज म्हणजे स्फटिकीकरण नव्हे, पण कोअर वाया जातोच. म्हणून दुरुस्ती लांबणार असेल तर कोअरला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. देवगडात जूनमध्ये तर हे नक्कीच करा.

आता तापमान चढत जातं तसं फितीत काय काय होतं ते क्रमाने सांगतो, कारण स्फटिक दिसायच्या बऱ्याच आधी गोष्टी सुरू झालेल्या असतात.

चाकावरून नुकत्याच उतरलेल्या फितीत घाईत गोठल्याचे ताण अडकलेले असतात. ती वळवून कोअर केला की वळवण्याचे ताण वर येतात. ही फीत ताणाला फार संवेदनशील आहे, कारण चुंबकीय होताना ती लांबीत दहा लाखात सत्तावीस भागांनी बदलते. म्हणून कारखान्यात कोअर नायट्रोजनमध्ये, साधारण ३५० ते ३७० अंशांवर, दोन तासांच्या आसपास भाजतात आणि सोबत डीसी प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र देतात. अणू किंचित सरकतात, ताण सुटतात, चुंबकत्वाला एक सोपी दिशा मिळते. या पायरीशिवाय अमॉर्फस कोअरचा लॉस कमी होतच नाही. पण याची किंमत द्यावी लागते. ताजी फीत कागदासारखी घडी घालता येते, भाजलेली फीत वाकवली की कडकन तुटते. हा ठिसूळपणा स्फटिकांमुळे नाही. अणू थोडे दाटीवाटीने बसल्यामुळे आहे. वर्कशॉपमधले लोक इथेच फसतात. फीत तुटली म्हणून कोअर गेला असं म्हणतात आणि चांगला कोअर भंगारात जातो. कारखान्यातून निघालेला प्रत्येक अमॉर्फस कोअर ठिसूळच असतो.

३९५ अंशांच्या आसपास क्युरी तापमान येतं. तिथे फीत चुंबकाला चिकटेनाशी होते, पण स्फटिक अजून झालेले नसतात. थंड केली की पुन्हा चिकटते. यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. फितीचा तुकडा नाजूक तराजूवर ठेवून खाली चुंबक धरतात आणि तापवत जातात. ३९५ च्या पुढे चुंबकाची ओढ जाते, आलेख तळाला जातो आणि शंभरेक अंश तिथेच पडून राहतो. मग ५०० च्या पुढे ओढ अचानक परत येते. काहीही थंड न करता, तापवत असतानाच. कारण आत लोखंडाचे स्फटिक तयार झालेत आणि लोखंडाचं क्युरी तापमान ७७० आहे. पहिल्यांदा तो आलेख उमटताना पाहिला तेव्हा मी यंत्रासमोरून हललो नव्हतो. स्फटिकीकरण डोळ्यांना दिसत नाही, पण इथे ते तराजूच्या काट्यावर दिसतं.

स्फटिक होतात तेही एका झटक्यात नाही. आपल्या फितीत आधी सिलिकॉन पोटात घेतलेल्या लोखंडाचे स्फटिक येतात. त्यांना बोरॉन नको असतो. ते त्याला बाहेर ढकलतात आणि उरलेल्या अमॉर्फस भागात बोरॉन साठत जातो. मग तो भागही फुटतो आणि लोखंड-बोराइड तयार होतं. सिलिकॉन नसलेल्या, ऐंशी-वीस लोखंड-बोरॉनच्या फितीत मात्र लोखंड आणि बोराइड हातात हात घालून एकदमच येतात. कोअरच्या दृष्टीने बोराइड हा मोठा शत्रू. त्याला चुंबकत्वाची दिशा बदललेली खपत नाही, तो जागच्या जागी अडून बसतो. त्यात विद्युतरोध उतरतो आणि भोवरा प्रवाह वाढतो. कारखान्यात दोन तास भाजून मिळवलेलं सगळं तिथे संपतं, आणि परत आणायचा उपाय नाही. पुन्हा वितळवून चाकावर ओतणं एवढाच.

सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावर होते. हवेत तापवलं की ऑक्सिजन सिलिकॉन आणि बोरॉनला पृष्ठभागाकडे ओढून ऑक्साइडमध्ये बांधतो. त्या थराखाली रांगा अडवणारे अणू कमी उरतात आणि तिथे लोखंड लवकर स्फटिक होतं. फीत पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे पृष्ठभागच पृष्ठभाग. म्हणून माझा वरचा हिशेब हवेतल्या भट्टीसाठी उदारच समजा. आणि लॉस बिघडायला पूर्ण फीत स्फटिक व्हावी लागत नाही. पृष्ठभागावरचा पातळ थर पुरतो, कारण तो आतल्या अमॉर्फस भागाला ताणात धरतो.

एक प्रसंग सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी तेव्हा भट्टी सांभाळायचो. एका खेपेत मोठे कोअर होते. आतल्या थरांचे ताण नीट सुटत नव्हते, लॉस जास्त येत होता. आम्ही भट्टी तीसेक अंशांनी वाढवली आणि त्याच वेळी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कोअरच्या आतून निघून हवेत लोंबकळतंय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावरचा आकडा बरोबर दिसत होता. हीटरसमोरचे बाहेरचे थर मात्र त्याहून कितीतरी तापले होते. बाहेर काढलेल्या कोअरचा नो-लोड लॉस अपेक्षेच्या तिपटीवर गेला. त्या दिवसापासून मी कोअरच्या आत एक, बाहेर एक आणि हीटरच्या बाजूला एक अशी तीन थर्मोकपल लावल्याशिवाय भट्टीचं दार बंद केलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, तुमच्या डीपीशी तिचा थेट संबंध नसला तरी. स्फटिकीकरण नेहमी वाईटच असं नाही. १९८८ मध्ये जपानमध्ये योशिझावा आणि सहकाऱ्यांनी याच फितीत शंभरात एक अणू तांबं आणि तीन अणू नायोबियम घातलं आणि मुद्दाम ५५० अंशांच्या आसपास तासभर भाजली. सगळ्यांच्या अपेक्षेप्रमाणे फीत बिघडायला हवी होती. ती उलट आणखी मऊ चुंबकीय झाली, म्हणजे तिचं चुंबकत्व आणखी सहज उलटू लागलं. फाइनमेट या नावाने ती ओळखली जाते. आतल्या स्फटिकांचा आकार दहा-पंधरा नॅनोमीटर. तांब्याचे अणू आधी एकत्र येऊन बारीक पुंजके करतात आणि प्रत्येक पुंजक्याजवळ एक लोखंडी स्फटिक जन्म घेतो. नायोबियमचे अणू जड, हळू सरकणारे. ते बोरॉनबरोबर स्फटिकाभोवती साठतात आणि त्याला वाढू देत नाहीत. वड्यांचा पाक भरभर घोटला तर साखर बारीक धरते आणि न हलवता ठेवला तर खडे होतात, तसंच. शिरोड्याच्या मिठागरात पाणी सावकाश आटलं की दाणा मोठा पडतो, तीही हीच गोष्ट. जन्म थोडे आणि वाढायला वेळ भरपूर असेल तर दाणा मोठाच होणार.

दाणा एवढा बारीक असला की चुंबकत्वाला एकेका दाण्याची दिशा जाणवतच नाही. शेकडो दाण्यांच्या दिशा एकमेकींना खोडून टाकतात. हर्झर यांनी दाखवलं की या पट्ट्यात कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व उलटवताना होणारा अडथळा) दाण्याच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढते. दाणा दुप्पट झाला की अडथळा चौसष्टपट. जन्म आणि वाढ यांच्यातला तोल थोडा सुटला की सगळं हातचं जातं. त्या फितीचे कोअर भाजतानाही काळजी हीच. स्फटिक होताना निघणारी उष्णता दाट गुंडाळलेल्या कोअरमधून लवकर बाहेर पडत नाही. भट्टीचा आकडा स्थिर असतानाही कोअर आतून पन्नास-शंभर अंशांनी उसळू शकतो आणि बोराइडपर्यंत पोचू शकतो. म्हणून स्फटिकीकरणाच्या अलीकडे थांबत, हळूहळू चढतात. तुमच्या फितीत तांबं-नायोबियम नाही. त्यामुळे तिच्यात थोडे, मोठे दाणे येतात आणि त्यांना अडवणारं कोणी नसतं. मुद्दाम भाजून ती सुधारेल अशी आशा ठेवू नका.

आता तुमच्या डीपीकडे. जाळायची गरजच नाही. या कोअरचा प्रत्येक थर एका बाजूला कापून एकावर एक चढवलेला असतो आणि तो जॉइंट उघडतो. जॉइंट मोकळा केला की लूप, म्हणजे फितीचं कडं, त्या बाजूने उघडतो आणि वाइंडिंग सरकवून बाहेर काढता येतं. चिकटलेलं वाइंडिंग छिन्नीने तोडायचं, कोअरला धक्का न लावता. कोअरच्या कडांना इपॉक्सी लावलेली असते. तीच फितीचे तुकडे धरून ठेवते आणि ४८० अंशांवर ती आधी जळाली असती. उघडताना कपचे पडतीलच. ते एकूण एक वेचा. तेलात राहिलेला धातूचा एखादा कपचा वाइंडिंगमध्ये शिरला तर नवी डीपी पुन्हा जळेल. परत बसवताना क्लॅम्प सीआरजीओसारखा आवळू नका. कोअर फक्त आधारावर बसायला हवा, दाब आला की लॉस वाढतो.

निळसर-काळ्या बाजूचं काय? रंग फक्त ऑक्साइडचा असतो. तिथे उष्णता पोचली एवढं तो सांगतो, स्फटिक झाले की नाही हे सांगत नाही. विजेच्या आर्कजवळ मिनिटभरात काहीही झालेलं असू शकतं, आणि हातभर अंतरावर फीत ठणठणीत असू शकते. ते मोजूनच कळेल.

मोजायचं असं. तुमच्या थ्री-फेज कोअरमध्ये बहुधा चार वेगळे लूप असतील. जॉइंट बंद करून प्रत्येक लूपवर जाड केबलचे दहा वेढे गुंडाळा. जुन्या एलव्ही (कमी दाबाच्या) वाइंडिंगचे वेढे मोजून ठेवलेत तर एका वेढ्याचं व्होल्टेज निघेल, म्हणजे फेजचे २५० व्होल्ट भागिले वेढे. एका फेजच्या वाइंडिंगमधून दोन लूपांच्या बाजू जातात, म्हणून एकट्या लूपला त्याच्या निम्मं व्होल्टेज प्रति वेढा द्या. कमी पॉवर फॅक्टरवर बरोबर वाचणारा वॅटमीटर हवा, साधा मीटर इथे फसवतो. येणारे वॅट लूपच्या वजनाने भागा. चारही आकडे जवळपास सारखे आले तर कोअर वाचलाय, निळा रंग विसरा आणि नवं वाइंडिंग चढवा. काळ्या बाजूचा लूप बाकीच्यांच्या दीडपटीच्या पुढे गेला तर मी तो वापरणार नाही. तेवढा एकच लूप बदलून मिळतो का ते विचारा, अख्खा कोअर टाकायची गरज नाही.

आकडे मधेच कुठेतरी अडकले तर काळ्या जागेची नखाएवढी फीत आणि चांगल्या बाजूची तेवढीच फीत वेगवेगळ्या पाकिटांत घालून मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या धातुशास्त्र विभागात डीएससीला द्या. काही मिलिग्रॅम पुरतात. दोन्ही तुकडे एकाच वेगाने तापवायला सांगा आणि उंचवट्यांचं क्षेत्रफळ ताडून बघा. काळ्या तुकड्याचा उंचवटा चांगल्याच्या निम्मा आला, तर त्या जागची अर्धी फीत आधीच स्फटिक झालीये.